पावसाळ्याआधी ऑनलाइन दुकानाची डागडुजी

काजू, सोलं, खाजं असं काही ऑनलाइन विकत असाल तर पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. वीज जाणार, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. राउटरला छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावरही तो चालू ठेवणारी बॅटरी, लावा; मात्र अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते वाचूनच घ्या. फायबरचा मोडेम वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस हवा. झाड पडून तारच तुटली तर यूपीएस काय करणार? म्हणून फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा.

अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड कोसळली की पार्सलं अडकतात. पोचायला लागणारे दिवस वेबसाइटवर आधीच वाढवून लिहा. चवथीला पॅकिंगची मुलं घरी जाणारच. शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, ती तारीख १५ दिवस आधी ठळक लावा.

सगळ्यात जास्त जपायचा तो फोन. तो भिजला की ओटीपी बंद, म्हणजे बँक, ईमेल, दुकानाचं खातं सगळंच बंद. ईमेलचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीशिवाय खातं उघडायचे आकडे, आजच कागदावर उतरवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.