स्पीकर घ्यायचेत? सल्ला कोणाचा ऐकायचा ते असं ठरवा

दुकानातल्या मुलाने स्पीकरची दुसरी जोडी लावताना रिमोटचं बटण चार-पाचदा दाबलं. अ‍ॅम्प्लिफायरवरचा आकडा २४ वरून २९ झाला. माझं तिकडे लक्ष होतं म्हणून बरं, नाहीतर दुप्पट किमतीचे स्पीकर घेऊनच मी बाहेर पडलो असतो. आवाज जरासा मोठा असला की कानाला तो जास्त स्पष्ट, जास्त भरलेला वाटतो. स्पीकर चांगला असल्यामुळे नव्हे, नुसता आवाज मोठा असल्यामुळे.

तेव्हापासून कोणी स्पीकरबद्दल विचारलं की मी मॉडेल सांगत नाही. सल्ला कसा पारखायचा ते सांगतो.

पहिलं काम घरीच करा. खोली मोजा. १० बाय १२ ची आहे की मोठा हॉल? जास्त काय ऐकता: शास्त्रीय गाणं, सिनेमे, की सकाळच्या बातम्या? पैसे किती घालायचेत? हे कागदावर लिहा. मग ज्याला सल्ला विचाराल त्याने यातलं काहीच न विचारता थेट नाव सुचवलं, तर तो तुमच्यासाठी बोलत नाहीये. जो आधी खोलीबद्दल विचारतो त्याच्याकडे थोडा वेळ बसा.

सल्ला देणाऱ्याला यातून काय मिळतं ते पाहा. दुकानदाराने नफा कमावण्यात गैर काही नाही. कोणता अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमचा, म्हणजे त्याच्यावर जास्त भार टाकणारा, स्पीकर झेपवेल, हे अनुभवी दुकानदार तुम्हाला नीट सांगेल. पण बोलणं महागड्या केबलकडे वळलं की सावध व्हा. घरातल्या चार-पाच मीटर अंतराला इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. व्हिडिओवाल्यांचं म्हणाल, तर वस्तू फुकट मिळाली असेल किंवा पैसे घेतले असतील तर ते स्पष्ट सांगावं, अशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ पासूनची सूचना आहे. ते जो उघडपणे सांगतो आणि वस्तूचे दोषही दाखवतो, त्याचं ऐकायला हरकत नाही.

आकडे तपासून घ्या. ‘पीएमपीओ’ वॉट, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, सांगणाऱ्याचा सल्ला तिथेच सोडा. तो आकडा मोजायची ठरलेली पद्धतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे वॉट, विचारा. तिथेही एक गोष्ट लक्षात असू द्या: वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० ऐवजी ६० वॉटसाठी जास्त पैसे मोजून फारसं काही हाती लागत नाही.

नाव झाकून ऐका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच लोकांना स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. स्पीकर दिसू लागल्यावर लोकांची मतं बदलली. रोज याच व्यवसायात असणाऱ्यांचं असं होतं, मग ‘ऐकताक्षणी फरक कळतो’ म्हणणाऱ्या मित्राचं काय घेऊन बसलात? त्याला म्हणा, मी पाठ करून बसतो, तू जोडी बदल, आवाज दोन्हींचा सारखा ठेव. फोनवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपने सारखेपणा अंदाजे जुळवता येतो.

ऐकायला आपल्या ओळखीचं काहीतरी न्या. मी तानपुरा आणि तबल्याचं रेकॉर्डिंग नेतो. तानपुऱ्याच्या जवारीतली बारीक झणझण वेगळी ऐकू येते का, डग्ग्याची घुमक सुटी राहते की सगळी मिळून नुसतं ‘धम्म’ होतं, एवढ्यावर बरंच कळतं. दुकानातलं ठेक्याचं गाणं सगळ्याच स्पीकरवर छान वाजतं, त्याच्यावर काही ठरवू नका.

दुरुस्तीवाल्याला विचाराच. हा माणूस बहुतेकांना आठवतच नाही, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर आहे. आमच्याकडच्या मिस्त्रींच्या टेबलावर उघडून ठेवलेले वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारे मोठे स्पीकर, मी पाहिलेत. कडेचा फोम बोट लावताच भुकटी होऊन गळायचा. फोम काही वर्षांनी कुजतो, दमट हवेत तर लवकरच. रबराची कड पुष्कळ टिकते. कोणत्या वस्तूचे सुटे भाग मिळतात, कोणत्या साउंडबारचा बोर्ड गेला की तो भंगारातच जातो, हे मिस्त्रींना रोजच्या कामातून माहीत असतं. तुम्ही काय विकत घेता यात त्यांचा काही फायदा नसतो.

शेवटचा निकाल घरी. मित्राच्या हॉलमध्ये जाड सोफा आणि पडदे असतील, तुमच्याकडे उघडी फरशी. तेच स्पीकर वेगळे वाजणार, विशेषतः खालचे सूर. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर तर हमखास घुमतो. म्हणून परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, आणि ती संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.