खोट्या क्लिकचा संशय आलाय? चोर शोधण्याआधी या चुका टाळा

"चाळीस क्लिक झाले, पैसे गेले, विक्री शून्य. नक्की कुणीतरी मुद्दाम क्लिक करतंय." गूगलवर जाहिरात देऊन दर क्लिकला पैसे मोजणाऱ्या छोट्या ऑनलाइन दुकानदारांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी क्लिकबद्दल काही विचारतच नाही. विचारतो ते एवढंच, की मोजणी कोण करतंय आणि कशी?

खोटे क्लिक खरोखर होतात, याबद्दल वाद नाही. अमेरिकेत 'लेन्स गिफ्ट्स अँड कलेक्टिबल्स' नावाच्या भेटवस्तूंच्या एका दुकानाने याच तक्रारीवरून सर्च कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं, आणि २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. पण ज्या दुकानाची स्वतःची वहीच चुकीची लिहिली जातेय, त्याला चोर सापडणं कठीण. सापडलाच तर तो चोर आहे हे सिद्ध करणं त्याहून कठीण.

मूठभर क्लिकवरून निकाल देणं

समजा, तुमच्या दुकानात शंभरातले दोन जण खरेदी करतात. मग सगळे क्लिक अगदी खरे असले, तरी ४० क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के असते. म्हणजे जवळपास नाणेफेकच. १०० क्लिकनंतरही ती १३ टक्क्यांच्या आसपास उरते. १५० क्लिक कोरडे गेले की ती ५ टक्क्यांच्या खाली येते आणि तिथून पुढे संशयाला काही अर्थ आहे. त्याआधी जे वाटतं ती नुसती धास्ती.

मोजणी तुटलेली असताना चोराच्या मागे लागणं

गूगलच्या जाहिरातीवर क्लिक झाला की, ऑटो-टॅगिंग (खूण आपोआप लावण्याची सोय) चालू असेल तर, पानाच्या वेब पत्त्याच्या शेपटीला 'जीसीएलआयडी' नावाची लांबलचक खूण लागते. विक्री कुठल्या क्लिकमुळे झाली हे त्या खुणेवरून कळतं. आता दुकानाचा जुना पत्ता नव्याकडे वळवलेला असेल आणि वळवताना ही शेपटी गळून पडत असेल, तर क्लिकचे पैसे कापले जातात, विक्रीही होते, पण हिशोबात दोघांची गाठ पडत नाही. तपासायला दोन मिनिटं लागतात. जाहिरातीत दिलेल्या पत्त्यापुढे ?जीसीएलआयडी=टेस्ट ही जोड इंग्रजी अक्षरांत लावा (पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर त्याऐवजी अँडचं चिन्ह) आणि पान उघडल्यावर ती पत्त्यात टिकते का बघा. मोबाइलवरही बघा.

दुसरी गळती पेमेंट गेटवेपाशी. ग्राहक पैसे भरायला गेटवेच्या पानावर जातो आणि परत येतो, तेव्हा तो जणू गेटवेकडूनच आला अशी नोंद पडू शकते. मग अहवालात सगळ्यात जास्त विक्री आणणारा 'स्रोत' म्हणून गेटवेचं नाव झळकतं आणि जाहिरात नापास ठरते. गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटी आणि विक्री मोजणारं साधन) नको असलेल्या रेफरलची, म्हणजे 'इथून ग्राहक आला असं धरू नका' अशा साइट्सची यादी असते, तिच्यात गेटवेचा पत्ता टाका.

उलट्या दिशेची चूकही होते. 'धन्यवाद' पान उघडलं की विक्री मोजायची अशी व्यवस्था असेल, तर ग्राहकाने ते पान पुन्हा उघडलं की विक्री दुसऱ्यांदा मोजली जाते. प्रत्येक नोंदीबरोबर ऑर्डर क्रमांक पाठवला की ही दुबार मोजणी थांबते. आणि दुकानाच्या आतल्या बॅनरांना, मेनूतल्या दुव्यांना यूटीएमच्या खुणा (भेट कुठल्या स्रोताकडून आली हे सांगणाऱ्या पत्त्यातल्या जोडण्या) अजिबात लावू नका. त्या बाहेरून येणाऱ्यांसाठी असतात. आत लावल्या की ग्राहक मुळात कुठून आला हे पुसलं जातं.

तारखांचा घोळ वेगळाच. गूगल ॲड्स विक्री क्लिकच्या तारखेला नोंदवतं, ॲनालिटिक्स ती प्रत्यक्ष झाल्याच्या तारखेला. सोमवारी क्लिक आणि गुरुवारी खरेदी झाली, तर दोन अहवाल दोन वेगळे दिवस दाखवणार. दोन्हीही खरे. कालचा दिवस कोरडा दिसला म्हणून आज जाहिरात बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

क्लिक आणि भेटी जुळल्याच पाहिजेत असं मानणं

१०० क्लिकच्या ८० भेटी दिसल्या, तर उरलेले २० बोगस असं समीकरण मांडू नका. पान उघडायला वेळ लागला आणि माणूस मागे फिरला, त्याने मोजणीला परवानगी दिली नाही, किंवा त्याच्या ब्राउझरने मोजणीचा कोड अडवला, तर क्लिक पडतो पण भेट दिसत नाही. थोडी तफावत कायम राहणारच. ती अचानक वाढली तर आधी पानाचा वेग आणि परवानगीची पट्टी तपासा, प्रतिस्पर्ध्याचा विचार नंतर.

सर्व्हर लॉग चुकीचा वाचणं

गूगल ॲनालिटिक्स आयपी पत्ता (भेट कुठल्या इंटरनेट कनेक्शनवरून आली तो क्रमांक) दाखवत नाही, म्हणून शोधाशोध करणारे सर्व्हर लॉगकडे, म्हणजे सर्व्हरवर आपोआप पडणाऱ्या प्रत्येक भेटीच्या नोंदीकडे वळतात. वळलं पाहिजेच. पण लॉग हा मोठा चकवणारा कागद आहे.

एकाच आयपीवरून जाहिरातीच्या पानाला ३७ भेटी दिसल्या की ठोका चुकतो. थांबा, त्या ओळींमधली जीसीएलआयडी बघा. दर क्लिकला ही खूण नवी असते. ३७ ओळींत एकच खूण असेल, तर तो एकच क्लिक आहे आणि पैसे एकदाच गेलेत. कुणीतरी पान पुन्हा पुन्हा उघडलं, मागे जाऊन परत आलं, किंवा तो दुवा घरच्या ग्रुपवर टाकला आणि मेसेजिंग ॲपच्या यंत्राने त्याचं छोटं चित्र बनवण्यासाठी पान उघडलं. ३७ वेगळ्या खुणा असतील तर मात्र प्रकरण गंभीर.

लॉगमध्ये ॲड्सबॉट हे नाव दिसलं म्हणून त्याला अडवू नका. लँडिंग पेज (जाहिरातीवरून उघडणारं पान) ठीक आहे का हे तपासायला गूगलच त्याला पाठवतं, आणि त्याच्या भेटीचे पैसे लागत नाहीत. त्याची वाट बंद केली तर जाहिरात नाकारली जाऊ शकते. अर्थात युजर एजंटमध्ये, म्हणजे भेट देणाऱ्या ब्राउझरने किंवा प्रोग्रामने स्वतःची जी ओळख सांगितली तिच्यात, हे नाव कुणीही लिहू शकतं, त्यामुळे आयपी उलटा तपासून (त्यावरून सर्व्हरचं नाव शोधून) तो खरंच गूगलचा आहे ना, याची खात्री करावी.

यातली सगळ्यात लाजिरवाणी चूक मी स्वतः केलेली आहे. दुकानापुढे सीडीएन (पानं ग्राहकाला जवळच्या सर्व्हरवरून पोचवणारी मधली सेवा) बसवलेलं असेल, तर लॉगमध्ये ग्राहकाचा नव्हे, सीडीएनचा आयपी पडतो. मूळ पत्ता विनंतीबरोबरच्या वेगळ्या हेडरमध्ये (माहितीच्या ओळीत) येतो आणि तो लॉगमध्ये उतरवायची सोय आपल्याला करावी लागते. मला हे ठाऊक नव्हतं. चार-पाच 'संशयित' आयपी मी मोठ्या समाधानाने सर्व्हरवर अडवले आणि दुकान अर्ध्या गिऱ्हाइकांसाठी बंद पडलं.

मोबाइल नेटवर्कवर तर एका आयपीमागे असंख्य ग्राहक असू शकतात. तो अडवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. गूगल ॲड्समध्ये दर कॅम्पेनला ५०० आयपी वगळता येतात, पण ती सोय एखाद्या ऑफिसच्या ठरलेल्या कनेक्शनसाठी किंवा डेटा सेंटरच्या पत्त्यासाठी वापरावी. रोज पत्ता बदलणाऱ्या खऱ्या भामट्यासमोर तिचा फारसा उपयोग नाही.

फायदा कुणाचा, हे न विचारणं

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिला हवा. गूगलच्या स्वतःच्या शोधपानावर तुमच्या जाहिरातीवर खोटा क्लिक करून कुणाला कमाई होत नाही. तिथे हेतू फक्त तुमचं बजेट संपवण्याचा असू शकतो. पण डिस्प्ले नेटवर्कवरच्या (गूगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतरांच्या) साइट्स, ॲप्स आणि सर्च पार्टनर (शोधाच्या निकालांत गूगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतर साइट्स) यांना क्लिकमागे वाटा मिळतो. तिथे खोट्या क्लिकचा फायदा थेट जागा देणाऱ्याला. म्हणून अहवाल आधी नेटवर्कनुसार फोडा. घाण कुठल्या बाजूने येतेय ते तिथेच दिसतं.

सर्च कॅम्पेन बनवताना डिस्प्ले आणि सर्च पार्टनर यांच्या चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या असतात. छोट्या बजेटला दोन्ही काढून सुरुवात केलेली बरी, असं माझं मत. डिस्प्ले चालवायचंच असेल तर जाहिरात जिथे दिसली त्या जागांची यादी दर आठवड्याला वाचा. लहान मुलांच्या गेममध्ये फुली दाबताना जाहिरातीवर बोट पडलं, तर ती फसवणूक नाही, पण पैसे गेले ते गेलेच. ठिकाणाचं सेटिंगही बघा. नेहमीच्या निवडीत तुमच्या भागात 'रस असलेले' लोकही धरले जातात. तुम्ही जिथे माल पोचवतच नाही तिथून क्लिक येतात, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

आणि हो, स्वतःची जाहिरात शोधून तिच्यावर क्लिक करू नका, नोकरांनाही करू देऊ नका. ती दिसते का हे बघायला जाहिरात खात्यातच प्रीव्ह्यूचं साधन आहे.

खरी फसवणूक असेल तर पुराव्याशिवाय भांडणं

खऱ्या प्रकरणात सहसा एकापेक्षा जास्त गोष्टी जुळतात. रोज ठरावीक वेळेला बजेट संपतं, एकाच महागड्या शब्दावर क्लिकचा ढीग पडतो, जीसीएलआयडी वेगवेगळ्या पण युजर एजंट आणि स्क्रीनचा आकार तोच, पानावर एक-दोन सेकंद आणि काडीचीही हालचाल नाही. यातलं एकच लक्षण दिसलं तर थांबा. तीन-चार एकत्र दिसली तर कामाला लागा.

आधी अहवालात 'इनव्हॅलिड क्लिक्स' हा रकाना उघडा. गूगलने स्वतः पकडलेले क्लिक तिथे असतात आणि त्यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. डबल क्लिकमधला दुसरा क्लिकही तिथेच जातो. नंतर पकडलेल्यांची रक्कम बिलात जमा दिसते. अनेक जण हे न पाहताच परतावा मागतात.

त्यातूनही सुटलेल्यांसाठी क्लिक तपासणीचा अर्ज असतो. गेल्या ६० दिवसांतल्याच क्लिकची चौकशी होते, त्यामुळे महिनोन्‌महिने पुरावा साठवत बसू नका. आणि लॉग आठवड्याने आपोआप पुसले जात असतील तर ती मुदत आजच वाढवून घ्या. अर्जात कॅम्पेन, शब्द, तारीख-वेळ, आयपी आणि जीसीएलआयडी यांचा तक्ता जोडा. 'प्रतिस्पर्धी त्रास देतोय' या वाक्याने तिथे काही हलत नाही.

तोवर बोलीचं ध्येय, म्हणजे गूगलची यंत्रणा काय मिळवण्यासाठी आपोआप बोली लावते ते, तपासून ठेवा. 'कार्टमध्ये टाकलं' हे ध्येय दिलेलं असेल, तर कार्टमध्ये वस्तू टाकणारा बॉटही (आपोआप चालणारा प्रोग्राम) यंत्रणेला चांगला ग्राहक वाटतो आणि ती तसलेच आणखी शोधून आणते. ध्येय पैसे भरलेल्या ऑर्डरचं ठेवा, आणि प्रत्येक ऑर्डरशेजारी तिची जीसीएलआयडी साठवा.