मिलिटरी सॅक घेताय? या चुका टाळा

माझी पहिली मिलिटरी सॅक मी आरशात बघून घेतली. चट्टेरीपट्टेरी कापड, चहूबाजूंनी खिसे, पुढे पट्ट्यांच्या रांगा. दुकानात मी थेट सियाचीनला निघाल्यासारखा दिसत होतो. दोन आठवड्यांनी कळसूबाईच्या शिडीवर बाजूला लटकवलेला पाउच कठड्याच्या नळीत अडकला. खाली बारी गावातून आलेल्यांची रांग खोळंबलेली, आणि मी एका हाताने शिडी धरून दुसऱ्याने पाउच ओढतोय. मागून एक काकू म्हणाल्या, "अहो दादा, अख्खा संसार घेऊन निघालात की काय?"

"आर्मीची आहे म्हणजे दणकटच" ही पहिली चूक. दणकट असेलही, पण ती कोणासाठी बेतली आहे? अशा बहुतेक सॅकचं मूळ अमेरिकी सैन्याच्या 'असॉल्ट पॅक'मध्ये आहे. तो सैनिक अंगावर चिलखती जाकीट घालतो, कमरेला वेगळा पट्टा बांधतो, त्यामुळे सॅकला जाड कंबरपट्ट्याची गरजच नसते. आपण ती टी-शर्टवर घालतो आणि दहा किलोचं ओझं नुसत्या खांद्यांवर येतं. दुपारपर्यंत खांदे भरून येतात, बोटांना मुंग्या येतात. कंबरपट्टा म्हणून बोटभर रुंदीची नुसती नाडी असेल तर ती सॅक एका दिवसाच्या भटकंतीला ठीक, मुक्कामाला नाही.

लिटरच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. टेप खिशात ठेवा. उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा आणि हजाराने भागा. ५० × ३० × २५ म्हणजे साडेसदतीस लिटर, मग लेबलवर ५५ का लिहिलंय ते दुकानदाराला विचारा. रिकाम्या सॅकचं वजनही बघा. जाड हजार डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन, डझनभर बक्कलं, इतक्या चेन, यात सॅक रिकामीच दोन किलोच्या पुढे सहज जाते. आपल्याकडच्या दोन दिवसांच्या ट्रेकला पाचशे डेनिअर पुष्कळ झालं. करवंदीच्या जाळ्यांना तेवढं पुरतं.

आता समोरच्या आडव्या पट्ट्यांविषयी. पाउच अडकवायची ही 'मॉली' पद्धत अमेरिकी सैन्यात १९९७च्या सुमारास आली. एक इंच रुंदीच्या पट्ट्या, दोन रांगांत एक इंचाचं अंतर आणि दर दीड इंचावर शिलाई. पाउचची पट्टी सॅकच्या रांगेतून, मग पाउचच्या रांगेतून, पुन्हा सॅकच्या, अशी विणत न्यायची असते. स्वस्त मालात शिलाई तीन-तीन इंचांवर असते. पाउच बसतो, पण झोके घेतो. दुकानातच एक पाउच विणून बघा आणि धरून हलवा. आणि घेतला तरी शिड्या, कातळटप्पे, चिंचोळ्या घळी असलेल्या वाटेवर बाहेर काही लटकवू नका.

पाठीचं माप कुणी घेतच नाही. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे कण्यावर ज्या रेषेत येतील तिथे शेवट. हे अंतर आणि सॅकचे खांद्याचे पट्टे जिथून निघतात तिथपासून कंबरपट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण जुळायला हवं. बऱ्याच मिलिटरी सॅक एकाच मापाच्या आणि आखूड असतात. उंच माणसाचा कंबरपट्टा मग पोटावर येतो आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

घरी आणली की लेबल न काढता परीक्षा घ्या. एक लिटरच्या आठ-दहा भरलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून भरा, जड बाटल्या पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. आधी सगळे पट्टे सैल. मग कंबरपट्टा कमरेच्या हाडावर आवळा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. लिफ्ट विसरून जिना चढा-उतरा, निदान अर्धा तास. सॅक मागे ओढत असेल तर जड सामान पाठीपासून दूर गेलंय. पट्टा हळूहळू सरकत सैल होत असेल तर बक्कल हलकं आहे. ती परत करा, भर पावसात ते आणखी सरकणार. खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथे आडवी दाट शिलाई हवी. सरळ एकेरी धाग्यावर भरवसा ठेवू नका.

पावसाळ्यात एक गंमत कळते. काही मिलिटरी सॅकच्या बुडाला पाणी निघून जाण्यासाठी धातूची भोकं ठेवलेली असतात. चिखलात सॅक टेकवली की त्याच भोकांतून पाणी आत. रेन कव्हर घातलं तरी पाठीकडून ओघळ येतोच. आम्ही आत जाड प्लास्टिकची पिशवी घालतो, खताच्या गोणीच्या आत असते तशी, स्वच्छ धुतलेली. कपडे आणि स्लीपिंग बॅग तिच्यात.

चट्टेरीपट्टेरी रंग, तोही आपल्या लष्कराच्या गणवेशाशी मिळताजुळता, मी आता घेत नाही. छावणीच्या भागात उगाच चौकशी कशाला? शिवाय श्रावणातल्या गवतात हिरवी सॅक खाली ठेवली की आपल्यालाच सापडत नाही. मी भगवी फीत बांधतो.

ट्रेकहून आल्यावर ओली सॅक माळ्यावर टाकणं ही सगळ्यात महाग चूक. कापडाला आतून पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असतो, तो चिकट होतो, उग्र वास मारतो आणि पुढच्या वर्षी पापुद्रे होऊन कपड्यांना लागतो. एकदा सुटला की तो परत बसत नाही. म्हणून सगळ्या चेन उघडून, उलटी टांगून, सावलीत दोन दिवस. चेन अडत असेल तर दात जुन्या ब्रशने घासा आणि मेणबत्ती फिरवा. दात जुळूनही मागे उघडत असतील तर रनरच्या दोन्ही बाजू पकडीने किंचित, अगदी किंचित दाबा. जास्त दाबलात तर रनर तुटतो, मग सॅक शिवणाऱ्याकडे जा आणि नवा घालून घ्या.