'तुरळक ठिकाणी' म्हणजे काय? वळवाच्या दिवसांत हवामानाचा अंदाज कसा वाचावा

एप्रिल-मे महिन्यांत हवामान विभागाच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' हे शब्द वारंवार येतात आणि अनेक जण त्यांचा अर्थ 'चार थेंब पडतील' असा लावतात. एका वर्षी याच समजुतीने आम्ही शिजवून वाळत घातलेली हळद झाकली नाही आणि ती अंगणातच भिजली. 'तुरळक' हा शब्द पावसाचा जोर सांगत नाही, तर त्याची व्याप्ती सांगतो. अंदाज ज्या भागासाठी आहे तेथील २५ टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी' आणि २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर 'काही ठिकाणी' असे लिहिले जाते. ज्या शिवारावर ढग येईल तिथे तो धो-धो कोसळू शकतो आणि शेजारचे गाव कोरडे राहू शकते.

म्हणून सकाळी प्रथम आपल्या जिल्ह्याला दिलेल्या इशाऱ्याचा रंग पाहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. हा रंग ठरवताना घटनेच्या शक्यतेबरोबर संभाव्य परिणामही विचारात घेतात, त्यामुळे पिवळ्या रंगाकडेही दुर्लक्ष करू नये.

त्यानंतर कमाल तापमानासोबत आर्द्रता वाचावी. हवा दमट असली की घाम वाळत नाही, म्हणून रत्नागिरीतील ३५ अंशही जिवाची काहिली करतात. ज्या बाष्पामुळे आपण हैराण होतो तेच ढगांचे खाद्य असते: दुपारी तापलेल्या जमिनीवरून दमट हवा वेगाने वर चढते आणि सायंकाळपर्यंत तिचे उंच गडगडाटी ढग होतात. सकाळपासून घुसमट आणि दुपारी कडक ऊन असेल, तर वाळवण उघड्यावर ठेवून परगावी जाणे मला योग्य वाटत नाही.

दुपारनंतर मात्र सकाळच्या पत्रकावर विसंबू नये. पुढील तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक इशारा पाहावा. त्यात 'ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे' असे असल्यास पत्रे, ताडपत्री आणि कांद्यावरचे आच्छादन पावसाची वाट न पाहता बांधून घ्यावे, कारण ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि ती बहुधा पावसाच्या आधीच येऊन थडकते.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर असावे. रेंज नसेल तर कानांवर भरवसा ठेवावा: गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे. अशा वेळी झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटल्याखेरीज जनावरे सोडायलाही बाहेर पडू नये.