कुकर लावण्याआधीची दहा मिनिटं

नाशिकला माझं पोळीभाजी केंद्र आहे. रोजच्या दोनेकशे पोळ्या, आणि साडेअकराच्या आत डबे बाहेर. काही वर्षांपूर्वी इगतपुरीला, धम्मगिरी केंद्रावर, विपश्यना या ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, फोन जमा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. अकराच्या जेवणानंतर संध्याकाळी चहा नि थोडं फळ, की झालं. पैसे मागत नाहीत. शिबिर पुरं केल्यावर ज्याला द्यायचं त्यानं दान द्यावं. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन आले आणि 1976 पासून धम्मगिरीवर शिबिरं चालू आहेत.

तिथं दिवसाला दहा तास बसले. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं सांगतात. महिनाभरात माझं सगळं बंद! पुन्हा धरलं ते दहा मिनिटांवर. तेच सांगते. चौथ्या दिवशी देतात ती विपश्यना मी सांगणार नाही, ती तिथं जाऊनच शिकावी. त्याआधीचे दिवस करतात ते आनापान, म्हणजे आत येणारा-बाहेर जाणारा श्वास नुसता बघणं. ते कुणालाही घरी करता येतं.

वेळ आधी पक्की करा. माझी साडेपाचची, पहिला कुकर लावण्याआधी. एकदा कणकेत हात गेला की मग देवसुद्धा बसवू शकणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत. गजराला साधं घड्याळ घ्या, फोनचा लावला की मेसेज दिसलाच म्हणून समजा. खाली घोंगडी दुमडून बसा. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्ची. मांडी घातली म्हणून कुणी जास्त शहाणं होत नाही. पाठ ताठ, पण लाकडासारखी नको.

डोळे मिटा. नाकपुड्यांची कड आणि त्याखालचा वरच्या ओठापर्यंतचा भाग, लक्ष एवढ्याच जागेवर. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला वळण लावायचं नाही. आमची सवय अशी की पोळी तव्यावर टाकली रे टाकली की उलथणं हातात. इथं उलथणं खाली ठेवायचं. हा प्राणायाम नव्हे. आकडे मोजू नका, नामही घेऊ नका. नाम वाईट म्हणून नाही, मीही एकादशी करते. पण नामाच्या तालात श्वासाकडचं लक्ष सुटतं.

श्वास कळेनासा झाला तर दोन-चार जरा जोरात घ्या, मग परत आपोआप येईल तसा. झोप यायला लागली तर उठून तोंडावर पाणी मारा.

मन पळणारच. पहिले कित्येक दिवस माझी दहा मिनिटं गॅस सिलिंडर, उधारी आणि जावेनं लग्नात मारलेला टोमणा यांतच गेली. पळालं हे कळलं, की तेवढ्यापुरतं काम झालं. परत नाकाशी या. ‘जमत नाही मला’ म्हणून स्वतःवर चिडत बसलात, तर तेही पळणंच. एका बैठकीत पन्नासदा परत आलात तर बैठक फुकट गेली असं मला वाटत नाही. उलट ज्या दिवशी छान शांत वाटतं, त्या दिवशी बहुधा मी पेंगत असते.

मानसिक आजारावर औषधं चालू असतील, तर दहा दिवसांच्या शिबिराआधी डॉक्टरांना विचारा. अर्जातही तब्येतीचं विचारतात, तिथं लपवू नका.

फरक कधी कळला? ऐन गर्दीत एका गिऱ्हाईकानं ‘भाजी खारट’ म्हणून डबा आपटला. माझा श्वास आखूड झालेला मला कळला, कान तापलेले कळले. मग चव घेऊन पाहिली. खारटच होती. एरवी मी आधी भांडले असते.

संध्याकाळची बैठक मात्र अजून जमलेली नाही. उद्याच्या भाज्या निवडायच्या असतात.