डिझेल ट्रकचा एअर फिल्टर निवडताना: आधी धूळ, मग हवा

गाडीच्या कंपनीऐवजी बाहेरच्या कंपनीने बनवलेल्या एअर फिल्टरच्या खोक्यावर 'जास्त हवा' हे शब्द सगळ्यांत ठळक असतात. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलसाठी फिल्टर घेताना हवेचा आकडा शेवटी बघायचा. फिल्टर धूळ किती अडवतो हे पहिलं, डब्यात घट्ट बसतो का हे दुसरं.

आताचा फिल्टर खरंच हवा अडवतोय का, ते आधी मोजून घ्या. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला दाब मोजणारं गेज जोडायचं आणि गाडी लोडवर, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन रीडिंग घ्यायचं. आयडलिंगच्या रीडिंगवरून काही कळत नाही. पुष्कळ मोठ्या डिझेल इंजिनांना 25 इंच पाणी (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब), म्हणजे 6.2 किलोपास्कल, ही वरची मर्यादा असते; तुमच्या इंजिनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये मिळेल. समजा 10 इंच आलं. म्हणजे अडथळा 2.5 किलोपास्कल, आणि वातावरणाचा दाब साधारण 100. फिल्टर काढून फेकला तरी अडीच टक्क्यांचा खेळ, त्यातलंही बरंचसं टर्बो भरून काढतो. फिल्टर बदलल्यावर पिकअप वाढल्यासारखं वाटतं, तेव्हा बहुधा जुना फिल्टर चोक झालेला असतो. नाहीतर उघड्या फिल्टरमुळे टर्बोची शिट्टी जोरात ऐकू येत असते.

इंजिन ट्यून करून ताकद वाढवली असेल तर मात्र हवेचा हिशोब करावा लागतो. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणून लिटर गुणिले आरपीएम भागिले 2. 6 लिटरच्या इंजिनाला 2500 आरपीएमवर मिनिटाला 7500 लिटर. सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून 0.9 ने गुणा: 6750. टर्बो आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) मिळून हवेची घनता दुप्पट करत असतील तर 13,500 लिटर, म्हणजे जवळपास 475 सीएफएम (मिनिटाला घनफूट). फिल्टरची क्षमता याच्या वर हवी. ती किती अडथळ्याला मोजली आहे हे लिहिलेलं नसेल, तर नुसत्या सीएफएमच्या आकड्याला अर्थ नाही.

आता धूळ. 99 टक्के आणि 99.9 टक्के हे आकडे दिसायला जवळचे आहेत, पण फिल्टरवर 1 किलो धूळ आली तर पहिल्यातून 10 ग्रॅम आत जाते आणि दुसऱ्यातून 1 ग्रॅम. म्हणजे दहापट. रिंग, लायनर आणि बेअरिंग खाणारे कण साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे, ऑइलच्या थरात मावतील एवढे असतात. आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या चाचणी-मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचे आकडे मागा आणि धूळ बारीक वापरली की जाड, तेही विचारा. जाड धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार ठरतो.

साधा पेपर फिल्टर दिसायला गरीब, पण बहुतेक ट्रकना तोच योग्य. बारीक धुळीत चालणाऱ्या गाडीसाठी, कागदावर अतिसूक्ष्म तंतूंचा थर असलेला नॅनोफायबर फिल्टर घ्यावा. तेल लावलेला कॉटन फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण तेलाचं प्रमाण सांभाळावं लागतं: जास्त झालं तर तेल एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं, कमी झालं तर धूळ सुटते. बोनेटखाली उघडा बसणारा कोनासारखा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की घनता सुमारे 3 टक्क्यांनी घटते, म्हणजे अडथळा कमी करून मिळवलेलं तिथेच जातं. घ्यायचाच असेल तर बंद डब्याचा आणि बाहेरून थंड हवा घेणारा घ्या.

जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून बघा. लांबी, आतला-बाहेरचा व्यास, घड्यांची संख्या आणि खोली मोजा. घड्या कमी म्हणजे कागद कमी, आणि फिल्टर लवकर भरणार. घड्या एकमेकींना चिकटलेल्या किंवा टोकाचं रबर कडक असेल तर परत करा.

बसवताना होणारी चूक बहुतेक वेळा सीलपाशी होते. जुना फिल्टर हळूच, न आपटता काढा. डबा ओल्या कापडाने पुसा. हवा मारली तर धूळ टर्बोच्या पाइपात जाते. पाइपाच्या तोंडाशी, सील बसते तिथे धुळीची रेघ दिसली तर जुनी सील गळत होती. नवीन फिल्टर मधल्या भागावर नव्हे, कडेवर दाबून बसवा. झाकण क्लॅम्पच्या जोरावर ओढून बंद करायचं नाही. ते सहज बसत नसेल तर फिल्टर वाकडा आहे किंवा मापाचा नाही. डब्याखालचा रबरी धूळ-व्हॉल्व्ह दाबून बघा. तो फाटलेला असेल तर पाणी आणि धूळ खालून आत येते, आणि चिकटून बंद असेल तर साचलेली धूळ बाहेर पडत नाही.

पेपर फिल्टरला हवा मारून पुन्हा बसवायची सवय सगळीकडे आहे आणि ती महागात पडते. झोताने कागदाला बारीक चिरा पडतात, डोळ्यांना त्या दिसत नाहीत. उलट थोडी धूळ धरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो; नवा फिल्टर सुरुवातीला सर्वांत जास्त धूळ सोडतो. म्हणून तारखेवर नाही, डब्यावरचा अडथळा दाखवणारा इंडिकेटर लाल झाल्यावर बदला. काही डब्यांत मुख्य फिल्टरच्या आत दुसरा, सेफ्टी फिल्टर असतो; तो कधीही धुवायचा नाही. मुख्य फिल्टर साधारण तिसऱ्यांदा बदलताना तोही बदलायचा.

नवीन फिल्टर बसवल्यावर पुढच्या ऑइल बदलीला ऑइलचा नमुना तपासायला द्या. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही एकदम वाढले, तर धूळ आत जातेय असं धरा. मग आधी फिल्टर ते टर्बोपर्यंतची होज आणि तिचे क्लॅम्प हाताने चाचपा. वाकवल्यावर उघडणारी चीर होजच्या खालच्या बाजूलाही असू शकते.