अमेरिकेत मानसशास्त्राची डॉक्टरेट: परवान्याचे आकडे कसे वाचाल?

पुण्या-मुंबईत एमए करून इकडे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला येऊ पाहणारी मुलं मला आधी रँकिंग विचारतात. मी त्यांना निकालांचं पान शोधायला लावते. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) मान्यता असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट प्रोग्रॅमला ते जाहीर करावंच लागतं: पदवीला किती वर्षं लागतात, खर्च किती, मधेच किती जण सोडतात, इंटर्नशिप आणि पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचा परवाना किती जणांना मिळतो. ते वाचल्याशिवाय अर्जाचे पैसे भरू नका.

परवान्यासाठी ईपीपीपी (एक्झामिनेशन फॉर प्रोफेशनल प्रॅक्टिस इन सायकॉलॉजी) ही परीक्षा असते. २२५ प्रश्न, त्यातले १७५च गुणांना धरतात, वेळ सव्वाचार तास. स्वतंत्र प्रॅक्टिससाठी साधारणपणे ५०० स्केल्ड स्कोअर लागतो (म्हणजे बरोबर उत्तरांची संख्या नव्हे, ती ठरावीक मापात बदलून दिलेले गुण). मेंदूच्या जीवशास्त्रापासून संशोधनपद्धती, कायदा आणि नीतिनियमांपर्यंत सगळं विचारतात. नुसत्या थेरपीच्या अनुभवावर निभावत नाही.

सरासरी पाहिली तर पीएचडीवाले साय-डीवाल्यांपेक्षा (PsyD, म्हणजे संशोधनापेक्षा प्रत्यक्ष प्रॅक्टिसवर भर असलेली डॉक्टरेट) जास्त प्रमाणात पास होतात. पण त्याचं सगळं श्रेय शिकवण्याला देऊ नका. बऱ्याच पीएचडी प्रोग्रॅममध्ये वर्षाला मोजकीच मुलं घेतात, फी माफ करतात, वर स्टायपेंड देतात. त्यामुळे चाळणी आधीच लागलेली असते. उलट अनेक साय-डी बॅच मोठ्या आणि मुलं कर्ज काढून शिकणारी. म्हणून साय-डी नाकारू नका, पण पीएचडीची तुलना पीएचडीशी आणि साय-डीची साय-डीशी करा.

इथे मुलं हमखास गोंधळतात: परवाना मिळालेल्यांची टक्केवारी आणि ईपीपीपीचा निकाल हे दोन वेगळे आकडे आहेत. संशोधनाकडे झुकलेल्या विभागातले बरेच जण प्राध्यापक होतात, परवान्याच्या वाटेला जातच नाहीत. तिथे पहिला आकडा कमी दिसला तरी घाबरू नका. बॅच पाचजणांची असेल तर एक नापास झाला की निकाल थेट ८० टक्क्यांवर येतो. तेव्हा एका वर्षावर जाऊ नका, सलग काही वर्षं बघा.

मुलाखतीला गेलात की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाजूला गाठा. विचारा: एपीए-मान्य इंटर्नशिप किती जणांना मिळाली? प्रबंध कुठे अडकतो? गाईड किती दिवसांनी मसुदा परत देतात? माझ्या मते हे निकालाइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि भारतात परतून क्लिनिकल प्रॅक्टिस करायची असेल तर आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषद, जिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते) नियमांची चौकशी आत्ताच करा. ईपीपीपी पास झालात म्हणून तिथली नोंदणी आपोआप मिळत नाही.